उष्णताजन्य 'स्पिन-प्रवाह' : एका संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय संज्ञा दोन कार्ये करीत असते. ती वस्तूचा निर्देश करते आणि त्याबरोबरच वस्तूविषयी काही विधानही करते. निर्देश अचूक असूनही विधान चुकीचे असू शकते, ही गोष्ट परिभाषाकारांच्या पुष्कळदा ध्यानात राहत नाही. चुंबकीय द्रव्याच्या अतिशय पातळ पापुद्र्यास उष्णता दिली असता 'स्पिन-प्रवाह' उत्पन्न होतो, या मताची २००८ पासूनची वाटचाल या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

या विषयाच्या मुळाशीच नामकरणाची एक चूक आहे. १८२१ मध्ये सीबेकने दोन भिन्न धातू जोडून त्यांच्या एका सांध्यास उष्णता दिली, तेव्हा जवळची चुंबकसूची हलली. तापमानातील फरकामुळे चुंबकत्व निर्माण होते असा अर्थ त्याने लावला व नावही तसेच दिले. वस्तुतः मंडलातून विद्युत् प्रवाह वाहत होता. ते ओळखून ऑर्स्टेडने नाव बदलले. जे उपकरणाने दाखविले तेच निसर्गाने केले, असे सीबेकने मानले होते.

'स्पिन' हा शब्दही असाच संशयास्पद आहे. १९२५ मध्ये उलेनबेक व गाउडस्मिट यांनी इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो अशी कल्पना मांडली. परंतु इलेक्ट्रॉनला लहानसा गोळा मानून हिशेब केला, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या वेगाहून अधिक येतो. शिवाय कोणत्याही दिशेने मोजले तरी या गुणाची दोनच मूल्ये मिळतात; फिरणाऱ्या भोवऱ्यास असे बंधन नसते. मराठीत यास 'परिवलन' म्हणावे, तर पाटणच्या शाळेत भूगोल शिकलेल्या विद्यार्थ्यास तो शब्द पृथ्वीच्या दैनिक गतीसाठी आधीच परिचित असतो. तो इलेक्ट्रॉनची चिमुकली पृथ्वी कल्पितो व पुढे ती कल्पना मोडण्यात त्याचे श्रम खर्ची पडतात. हिंदीतील 'प्रचक्रण' शब्दातही चक्र आहेच; दोष तेथेही टळत नाही.

'प्रवाह' या पदाची अडचण याहून सूक्ष्म आहे. पाटण कोयना व केरा यांच्या संगमावर वसले आहे. तेथे प्रवाह म्हणजे एका ठिकाणचे पाणी दुसरीकडे जाणे, एवढाच अर्थ मनात येणार. विद्युत् प्रवाहास हा अर्थ लागू पडतो, कारण तेथे इलेक्ट्रॉन खरोखरच सरकतात. चुंबकीय विद्युत्-रोधकात मात्र इलेक्ट्रॉन जागा सोडीत नाहीत. भाताच्या खाचरावरून वारा गेला म्हणजे लाट बांधापर्यंत पोहोचते, रोप मात्र आपल्या जागीच राहते. त्या द्रव्यातील अणुचुंबकांची लाट उष्ण बाजूकडून थंड बाजूकडे स्पिन नेते, ती अशाच रीतीने.

आता प्रयोगांकडे वळू. २००८ मध्ये जपानमधील उचिदा, साइतोह व त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेल-लोहाचा २० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाइतका जाड पापुद्रा घेतला. त्याच्या एका टोकास उष्णता देऊन वर बसविलेल्या प्लॅटिनमच्या पट्टीतील विद्युत् दाब त्यांनी मोजला. प्लॅटिनममध्ये विरुद्ध स्पिनचे इलेक्ट्रॉन विरुद्ध बाजूंस वळतात. त्यामुळे पट्टीत शिरलेला स्पिन विद्युत् दाबाच्या रूपाने प्रकट होतो. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मोजला गेला तो दाब. 'स्पिन-प्रवाह' हे त्यावरून काढलेले अनुमान होय.

या अनुमानावर आक्षेप आले, आणि ते रास्त होते. अशा धातूत इलेक्ट्रॉनची स्पिनची ओळख काही नॅनोमीटरांतच पुसली जाते. परिणाम मात्र मिलिमीटरांच्या अंतरावर दिसत होता. पुढे २०११ मध्ये असे दाखविण्यात आले की, पापुद्र्याखालील आधारामुळे उष्णता उभ्या दिशेनेही वाहते आणि चुंबकीय धातूत तिच्यामुळे निराळ्याच कारणाने तसाच दाब उत्पन्न होतो. सीबेकची चूक पुन्हा घडत होती काय, असा प्रश्न येथे उभा राहतो.

त्याचे पुष्कळसे उत्तर २०१० च्या प्रयोगातच होते. यिट्रियम-लोह जातीच्या गार्नेटमधून वीज वाहत नाही. तरीही त्यास चिकटलेल्या प्लॅटिनममध्ये दाब आढळला. गार्नेटमध्ये वाहती वीज नसल्याने तिच्यापासून होणारी गफलत तेथे संभवत नाही. २०१२ मध्ये गार्नेटच्या स्पर्शाने प्लॅटिनमच किंचित चुंबकीय होत असेल, अशी शंका निघाली व तीही तपासावी लागली. उष्णता पापुद्र्यास लंब दिशेने देण्याची रचना आज सर्वत्र वापरली जाते. धातूच्या पापुद्र्यातील मूळच्या आडव्या रचनेविषयी मात्र संशय उरला आहे. एकाच नावाखाली हे दोन भिन्न प्रतीचे निष्कर्ष नांदत आहेत, हा या संज्ञेचा खरा दोष होय.

मराठी परिभाषाकाराने यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. 'इलेक्ट्रॉन' जसा मराठीत रुळला, तसा 'स्पिन' रुळू द्यावा. परक्या शब्दास अर्थ शिकवावा लागतो, परिचित शब्दाकडून तो आधी विसरवून घ्यावा लागतो. 'प्रवाह' ठेवावा, परंतु काय वाहते हे प्रथम वापरातच सांगावे. शब्द संस्कृत की इंग्रजी, हा वाद गौण आहे. पुराव्याने जेवढे सिद्ध केले त्याहून अधिक शब्दाने बोलू नये, एवढे पथ्य पाळले तरी पाटणहून पदार्थविज्ञान शिकण्यास निघालेल्या विद्यार्थ्याची वाट पुष्कळ सुकर होईल.