सहयोगी व सर्जनशील अध्ययन : कोसबाड ते मोहगाव – एक चिकित्सा
(ऊर्जानगर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

प्राथमिक शाळेतील मुलांनी केवळ ऐकू नये, तर करून पाहावे. एकट्याने पाठांतर न करता गटात बसून शोध घ्यावा, रचना करावी, हा विचार आता महाराष्ट्रात कोणालाही नवा राहिलेला नाही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने त्याला तात्त्विक अधिष्ठान दिले. 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 ने कृती, शोध आणि अन्वेषण यांद्वारे शिकण्याला वैधानिक स्थान दिले. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत पोहोचला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही हीच दिशा कायम ठेवली.

एखादा विचार सर्वमान्य झाला की त्याचा गौरव वाढतो. चिकित्सा मात्र मंदावते. सहयोगी अध्ययनाबाबत असेच घडले आहे. गटकार्य झाले म्हणजे सहकार्य झाले आणि मुलांनी रंग हाताळले म्हणजे सर्जन झाले, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी मराठीतील बालशिक्षणविषयक लेखन व प्रयोग यांच्या आधारे केली आहे. वर्गातील सहकार्य खरे की दिखाऊ हे ओळखण्याची कसोटी कोणती, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

गटकार्य आणि सहकार्य

छंदवर्ग, उन्हाळी शिबिर किंवा शाळेतील ‘दप्तरमुक्त’ दिवस यांत नेहमी दिसणारे दृश्य असे : पाच मुलांचा गट आणि एक मोठा कागद. ज्याचा हात चांगला तो चित्र काढतो, जिचे अक्षर वळणदार ती मथळा लिहिते, ज्याला धीटपणे बोलता येते तो सादरीकरण करतो. उरलेली दोन मुले रंगखडू आणून देतात. शेवटी टाळ्या पाचही जणांसाठी वाजतात.

या उपक्रमात श्रमविभागणी आहे, सहकार्य नाही. ज्याला जे आधीपासून येत होते तेच त्याने केले. ज्यांना काही येत नाही असे मानले गेले होते, त्यांच्याविषयीचे मत बदलण्याचे कारणच निर्माण झाले नाही. समृद्धी देण्यासाठी योजलेला वर्ग अशा वेळी जी मुले आधीच समृद्ध आहेत त्यांचेच प्रदर्शन घडवतो. त्यामुळे पहिली कसोटी अशी मांडता येईल : गटातील प्रत्येक मुलाजवळ असे काही असले पाहिजे, ज्यावाचून इतरांचे अडेल. ते ‘काही’ म्हणजे शिक्षकाने वाटून दिलेले काम नव्हे, तर मुलाने घरातून, अंगणातून, रानातून आणलेले ज्ञान होय.

‘दिवास्वप्न’मधील अपयश

या दृष्टीने गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ (1932) या पुस्तकाचे पुनर्वाचन उपयुक्त ठरते. मूळ गुजराती असलेले हे पुस्तक मराठी शिक्षकांच्या पिढ्यांनी आपले मानले. चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करणाऱ्या शिक्षकाची ही कहाणी तिच्यातील यशासाठी वाखाणली जाते : गोष्टी, खेळ, ग्रंथालय, नाट्य आणि वर्षाअखेरीस झालेले कौतुक. मात्र समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग पहिल्या दिवसाचा आहे. शिक्षक ग्रंथांत वाचलेला शांततेचा खेळ घेऊन वर्गात जातो आणि तो खेळ पुरता फसतो. मुले शांत बसत नाहीत, गोंगाट करतात आणि शिक्षकाला आपली योजना बाजूला ठेवावी लागते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तेथून वर्ग सुरू होतो.

उपक्रम उत्तम असणे पुरेसे नाही, तो त्या मुलांचा असावा लागतो, हे गिजुभाईंनी शिक्षकाच्या फजितीतून दाखवले. पुढच्या काळात ‘दिवास्वप्न’ची प्रेरणा घेणाऱ्या बऱ्याच लेखनाने यशाचा भाग उचलला व फजितीचा भाग गाळला. शिक्षकाने लिहिलेल्या अनुभवकथनात शिक्षकाचा आनंद ठळक होतो आणि मुलांचा नकार नोंदवायचा राहून जातो. या लेखनप्रकाराची ही अंगभूत मर्यादा आहे.

कोसबाडचा धडा

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक (1892–1973) आणि त्यांच्या शिष्या अनुताई वाघ (1910–1992) यांचे कार्य या मर्यादेच्या पुढे जाते. 1945 पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांनी जे उभे केले, त्याचा वृत्तांत अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात आला आहे. हे लेखनही शिक्षिकेचेच आहे आणि मुलांचे शब्द तिच्यामार्फतच वाचकापर्यंत येतात. तथापि, येथे शाळेची रचनाच मुलांच्या जगण्याने बदललेली दिसते.

मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा वस्तीच्या अंगणात न्यावी, या विचारातून ‘अंगणवाडी’ घडली. हाच शब्द 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने देशभर नेला. मोठ्या मुलीला धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणून ‘विकासवाडी’ साकारली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच ‘कुरणशाळा’ भरवली गेली. भावंड सांभाळणे आणि गुरे राखणे या दोन्ही गोष्टी प्रचलित शाळेच्या दृष्टीने गैरहजेरीची कारणे होत्या; कोसबाडने त्यांना शाळेचा पाया मानले. येथील सर्जनशीलता साधनांच्या नावीन्यात नसून, मुलाच्या जीवनाला अडथळा न मानण्यात आहे. गुराख्याला झाडाझुडपांची व पावसापाण्याची माहिती असते. कुरणशाळेत ती त्याची उणीव न ठरता भांडवल ठरू शकते.

सृजन आनंद ते रंगवलेली फरशी

लीलाताई पाटील (1927–2020) यांनी 1985 मध्ये कोल्हापूर येथे स्थापन केलेले सृजन आनंद विद्यालय हा या परंपरेचा नागरी आविष्कार होय. त्यांच्या ‘अर्थपूर्ण आनंदशिक्षणासाठी’ या पुस्तकाच्या शीर्षकातच त्यांची भूमिका स्पष्ट होते. केवळ आनंद पुरेसा नाही, त्याला अर्थ हवा. मुलांची करमणूक आणि मुलांचे शिक्षण यांत त्यांनी केलेला हा भेद आजच्या ‘हसतखेळत’ उपक्रमांच्या गर्दीत अधिकच महत्त्वाचा ठरतो. तरीही एक प्रश्न उरतो. मराठी माध्यमाच्या शहरी शाळेत मुलाची भाषा आणि वर्गाची भाषा बहुतांशी एकच असते. जेथे ती वेगळी आहे, तेथे गटचर्चा कोणत्या भाषेत व्हावी, हा प्रश्न त्या अनुभवातून फारसा सुटत नाही.

शासकीय पातळीवरील ज्ञानरचनावादाच्या प्रसारात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांचा अनुभव प्रेरक ठरला. राज्यभरातील शिक्षकांनी तेथे भेटी दिल्या. फरशीवर आखलेले तक्ते, खडे, बिया, काड्या यांच्या साह्याने गटात शिकणारी मुले हे चित्र निःसंशय आशादायक होते. परंतु प्रसाराच्या ओघात वस्तू लवकर पोहोचल्या, दृष्टी मागे राहिली. फरशी रंगवता येते, छायाचित्रात दिसते, अहवालात नोंदवता येते. शिक्षकाने मुलाचे ऐकून घेणे यांपैकी कशातही बसत नाही. दोष कुमठ्याच्या प्रयोगाचा नाही. दृश्य साधनांवरून अदृश्य नात्यांचे मोजमाप करणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

ऊर्जानगर : वर्गात आलेले ज्ञान

चंद्रपूरलगतचे ऊर्जानगर ही महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. 2920 मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र, त्याला पाणी पुरवणारे इरई धरण, शेजारच्या दुर्गापूर परिसरातील कोळसा खाणी आणि उत्तरेकडे ताडोब्याचे जंगल, असा हा परिसर आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राच्या आवारात वाघाच्या व दुर्गापुरात बिबट्याच्या हल्ल्यात माणसे दगावली, हे येथील मुलांच्या स्मरणात असणारच.

अशा परिसरातील प्राथमिक वर्गात ‘कोळशापासून दिव्यापर्यंत’ हा गटप्रकल्प दिला, तर तो दोन प्रकारे होऊ शकेल. पहिल्या प्रकारात पाठ्यपुस्तकातील आकृती मोठ्या कागदावर उतरवली जाईल आणि ज्या घरी संगणक व संदर्भपुस्तके आहेत ते मूल गटाचे नेतृत्व करील. दुसऱ्या प्रकारात प्रश्न परिसरातून निघतील. राख कोठे जाते? अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर कोणत्या दिवशी काजळी अधिक बसते? पहाटे कोणत्या वाटेने जाऊ नये, असे घरची माणसे सांगतात? येथे अभियंत्याच्या मुलाला कंत्राटी कामगाराच्या मुलीला विचारावे लागेल आणि जंगलालगतच्या वस्तीतून येणाऱ्या मुलाची साक्ष दोघांनाही घ्यावी लागेल. वर उल्लेखिलेली कसोटी या दुसऱ्या प्रकारात पूर्ण होते.

गडचिरोलीच्या बाजूला गेल्यास ही गोष्ट गणितातही दिसते. तेंदूपत्त्याच्या हंगामात कुटुंबे जंगलात जातात. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पाने. आईसोबत पुडे बांधणाऱ्या मुलीला सत्तरची मोजणी, मजुरीचा हिशेब आणि पानाची प्रत यांचे व्यावहारिक ज्ञान असते. वर्गात मात्र ती ‘गुणाकारात कच्ची’ ठरते, कारण तेथे पुडा नसतो आणि पुष्कळदा तिची भाषाही नसते.

मोहगाव : शाळा कोणाची?

भाषेचा हा प्रश्न गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मोहगावने थेट उपस्थित केला. 2019 मध्ये तेथील ग्रामसभेच्या पुढाकाराने गोंडी माध्यमातून शिकवणारी शाळा सुरू झाली. तिच्या नावातच ‘गोटूल’ हा शब्द आहे. गोटूल ही गोंड समाजातील सामूहिक शिक्षणाची जुनी संस्था. गाणे, नृत्य, श्रम, रीतिरिवाज आणि गावाचे निर्णय यांचे शिक्षण तेथे सोबतीने मिळत आले. ज्याला आज आपण सहयोगी अध्ययन म्हणतो, त्याची एक परंपरा या जंगलात आधीपासून होती. तिला शाळा म्हणण्याची आपली तयारी नव्हती.

पुढे 2022 मध्ये मान्यतेच्या मुद्द्यावर शिक्षण विभागाने या शाळेला नोटीस बजावली आणि शिक्षण हक्क कायदाच तिच्या विरोधात उभा राहिला. विसंगती लक्षणीय आहे. ज्या कलम 29 मध्ये कृतीतून शिकण्याचा निर्देश आहे, त्याच कलमात शक्य तोवर मातृभाषा हे माध्यम असावे, असेही म्हटले आहे. संविधानाचा अनुच्छेद 350 (क) भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी पुरवण्याची अपेक्षा राज्याकडून करतो.

अर्थात मान्यतेची अट निरर्थक नाही. अध्ययनाची साधने, शिक्षकांची पात्रता, मुलांचे पुढील शिक्षण यांची हमी घेणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. गोंडी माध्यमातून शिकलेले मूल पुढे मराठी वा इंग्रजी माध्यमात कसे सामावेल, हा प्रश्न पालकांच्याही मनात असू शकतो. तथापि, अशा उणिवांवर शाळा बंद करणे हा उपाय नसून तिला बळ देणे हा उपाय आहे. शासकीय शाळेतील रंगवलेल्या फरशीला कृतियुक्त शिक्षण म्हणायचे आणि गावाने स्वतःच्या भाषेत उभारलेल्या शाळेला बेकायदा म्हणायचे, यातून आपली सहकार्याची कल्पना किती संकुचित आहे हेच स्पष्ट होते. मुलांनी एकमेकांशी सहकार्य करावे, असे सांगणारी व्यवस्था स्वतः गावाशी सहकार्य करण्यास तयार आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

1. सहयोगी अध्ययनाचे मूल्य गटांच्या संख्येवर वा साधनांच्या विपुलतेवर ठरत नाही. वर्गातील सर्वांत दुर्लक्षित मुलाच्या ज्ञानाची गरज इतरांना भासली का, यावर ते ठरते.

2. मराठीतील बालशिक्षणविषयक लेखन समृद्ध आहे. परंतु ते प्रामुख्याने शिक्षकाच्या दृष्टीने लिहिले गेले आहे. ‘दिवास्वप्न’मधील पहिल्या दिवसासारख्या अपयशांची नोंद आणि मुलांच्या नकाराचा अर्थ यांना त्यात अधिक स्थान मिळणे आवश्यक आहे.

3. भाषा हा उपक्रमाचा बाह्य घटक नसून सहकार्याची पूर्वअट आहे. ज्या मुलाची भाषा वर्गात नाही, ते गटात बसलेले असूनही गटाबाहेरच असते.

चंद्रपूर–गडचिरोली परिसरातील अध्यापक विद्यालये व महाविद्यालये यांच्यापुढे यातून एक निश्चित काम येते. उद्याचे शिक्षक येथेच घडतात. उपक्रमांच्या तयार याद्या त्यांच्या हाती देण्याऐवजी गोंडी व माडिया बोलणाऱ्या, खाणीच्या वस्तीत राहणाऱ्या, तेंदूपत्त्याच्या हंगामात रानात जाणाऱ्या मुलांकडून काय शिकता येईल, याची नोंद करण्याचे प्रशिक्षण त्यांना मिळावे. सत्तर पानांचा पुडा बांधणारी मुलगी वर्गात गणित शिकवू लागेल, त्या दिवशी त्या वर्गाला समृद्ध म्हणता येईल.