सात महिन्यांचं वचन

सिल्लोडवरून अजिंठ्याकडे जाणाऱ्या वाचकाने लेण्यांबरोबरच भिक्खुसंघाच्या नियमांचा पाली ग्रंथ, विनयपिटक, जरूर उघडावा. त्यातल्या महावग्गात, चीवराच्या म्हणजे भिक्खूंच्या वस्त्राच्या प्रकरणात, जीवक वैद्याची कथा येते.

राजगृहाचा एक श्रेष्ठी सात वर्षं डोक्याच्या व्याधीने पिडलेला. कोणी वैद्य म्हणतो पाचव्या दिवशी मरेल, कोणी म्हणतो सातव्या. राजा बिंबिसाराच्या आज्ञेने जीवक येतो आणि आधी एक वचन मागतो : एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात, मग उताणं सात महिने पडून राहशील का? श्रेष्ठी कबूल होतो. जीवक त्याला मंचकाला बांधतो, कातडी चिरतो, कवटीची शिवण उघडतो आणि दोन किडे काढून लोकांना दाखवतो.

कथाकाराची उदारता इथे दिसते. पाच दिवस सांगणाऱ्यांनी मोठा किडा ओळखला होता, सात सांगणाऱ्यांनी धाकटा. म्हणजे निदान दोघांचंही बरोबर! आधीच्या वैद्यांना खोटं न पाडता नायक मोठा होतो.

शस्त्रक्रिया मोजक्या वाक्यांत उरकते; कथा रेंगाळते ती त्यानंतर. सातच दिवसांत श्रेष्ठी कुरकुरतो, आता या कुशीवर राहवत नाही. जीवक वचनाची आठवण देतो आणि कूस बदलायला लावतो. असं तीनदा घडतं आणि एकविसाव्या दिवशी रोगी बरा होतो. तेव्हा कळतं, सात महिने सांगितले नसते तर हा सात दिवसही पडला नसता. संवादांच्या या पुनरुक्तीतच कथेचं मर्म आहे : कवटी उघडायला कौशल्य लागतं, रोग्याकडून धीर धरवून घ्यायला माणूस ओळखावा लागतो.

किड्यांची गोष्ट वैद्यकीय नोंद म्हणून वाचायची गरज नाही. पण आजही अपघातानंतर मेंदू सुजतो, कवटी ताणली जात नाही आणि दाब वाढून रक्तपुरवठा खुंटतो, तेव्हा सर्जन कवटीचा सुमारे १२ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा काढतात. तो शीतपेटीत किंवा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी परत बसवतात. या शस्त्रक्रियेविषयी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेस्क्यू-आयसीपी’ चाचणीत सहा महिन्यांनंतरचं मृत्यूचं प्रमाण औषधोपचारांच्या गटात ४८.९ टक्के होतं, शस्त्रक्रियेच्या गटात २६.९. मात्र वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे दुसऱ्याच्या आधाराने जगावं लागलं.

म्हणून हाड काढल्यापासून ते परत बसेपर्यंतचा काळ घरच्यांचीही परीक्षा घेतो. जीवकाने काळ वाढवून सांगितला. आजच्या डॉक्टरला ती मुभा नाही, त्याने खरंच सांगायला हवं. पण टाके घातल्यावर उपचार संपत नाहीत, ही जीवकाची जाण त्याच्याकडेही हवी. श्रेष्ठीने सर्वस्व देऊ केलं, तेही जीवकाने नाकारलं : लाख राजाला, लाख मला, बाकी तुझं तुला. विद्येइतकाच संयम असलेला असा वैद्य प्रत्येक रोग्याला लाभावा.