विचार आणि भौतिक ऊर्जा : अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेच्या संदर्भात

प्रस्तावना :

मानवी विचार हा शरीरनिरपेक्ष व्यापार नव्हे. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. परंतु विश्रांत अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यापैकी सुमारे २० टक्के ऊर्जा मेंदूस लागते. ही ऊर्जा अन्नातून मिळते. तथापि ‘जितके अन्न तितका विचार’ असे समीकरण मांडता येत नाही. जेम्स जूल यांनी १८४० च्या दशकात यांत्रिक कार्य व उष्णता यांचे प्रमाण प्रयोगाने निश्चित केले. विचाराचे असे प्रमाण विज्ञानाने दिलेले नाही. ऊर्जेमुळे विचार शक्य होतो. त्याची दिशा मात्र जगण्याची परिस्थिती ठरविते. अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतून हे नाते प्रत्ययास येते. आष्टा ज्या वाळवा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील वाटेगाव हे त्यांचे जन्मगाव. नाममात्र शालेय शिक्षण, वाटेगाव ते मुंबई पायी प्रवास आणि गिरणीतील श्रम यांतून त्यांचा विचार घडला, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

विवेचन :

कथानायक भीमा हा वारणाकाठचा अफाट ताकदीचा गडी. गावात त्या ताकदीला भाकरी मिळत नाही, म्हणून तो मुंबईस येतो. उपनगरातील दगडखाणीत त्याच्या बळाला काम मिळते; पण खाण बंद पडते. शक्ती तीच, हात तेच. केवळ त्यांना मागणी उरत नाही. श्रमशक्ती अंगी असणे आणि ती वापरण्याची संधी असणे, यांतील अंतर लेखकाने येथे अचूक दाखविले आहे.

स्मशानातील राखेत भीमाला सोने सापडते आणि त्याच्या विचारास नवी दिशा मिळते. श्रीमंताच्या प्रेताबरोबर सोने जाते, गरिबाच्या जात नाही, हे तो ताडतो. ही कथा बहुधा दारिद्र्याचे भीषण चित्र म्हणून वाचली जाते. त्या वाचनात भीमा केवळ दयेचा विषय ठरतो. वस्तुतः निरीक्षण, अनुमान आणि कृती हा विचाराचा संपूर्ण क्रम त्याच्या ठायी आहे. पत्नी भुताखेतांची भीती व्यक्त करते, तेव्हा खरी भुते घरांत राहतात आणि मेलेली स्मशानात कुजतात, अशा आशयाचे उत्तर तो देतो. हे उत्तर समाजरचनेवरील भाष्य आहे. परंतु ते भाष्य पुढे सरकत नाही. ते बळ पुन्हा प्रेते उकरण्याकडेच वळते. कारण घरात उद्याची चूल पेटवायची असते. भूक विचाराला जागे करते आणि तीच त्याला उद्याच्या पलीकडे जाऊ देत नाही.

कथेचा शेवट याच दृष्टीने पाहावा लागतो. कोल्ह्यांशी झुंज देऊन भीमा प्रेताच्या तोंडात बोटे घालतो. ती जबड्यात अडकतात आणि अखेर दोन बोटे कापावी लागतात. त्याच वेळी खाण पुन्हा सुरू होत असल्याची वार्ता येते. हा योगायोग काहीसा योजलेला वाटतो, हे मान्य करावे लागेल. तरीही तो कथेच्या तर्काशी विसंगत नाही. खाण ज्या निर्णयाने बंद पडली त्यात भीमाचे मत नव्हते. ती सुरू होण्यातही नाही. पत्नीची भीती मात्र भीमाच्या उत्तरासाठी निमित्त म्हणूनच येते. तीही त्याच भुकेची वाटेकरी आहे. तिच्या विचारास कथेत पुरेसा अवकाश लाभत नाही, ही या कथेची मर्यादा होय.

समारोप :

भीमाच्या शोकांतिकेचे मूळ बुद्धीच्या अभावात नाही, बळाच्या अभावातही नाही. दोहोंचा मेळ घालणारे काम त्याच्या हाती राहिले नाही, हे ते मूळ होय. ही बाब अध्यापकांनाही लागू पडते. पहाटे धार काढून, उसाला पाणी पाजून वर्गात आलेला विद्यार्थी पेंगतो, तेव्हा आपण त्याला ‘मंद’ ठरवून मोकळे होतो. त्याने सकाळपासून किती ऊर्जा खर्च केली, हा प्रश्न आपण विचारत नाही. ‘स्मशानातील सोनं’ शिकविताना तो प्रश्न विचारला गेला नाही, तर भीमाविषयी वर्गात व्यक्त होणारी सहानुभूती पुस्तकापुरतीच राहील.