नागझिऱ्याच्या वाघाची भाषा

मराठी मुलाला बोलणारा पहिला वाघ भेटतो तो भोपळ्यात बसून जाणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीत. त्या वाघात वाघाचं असं फारसं काही नसतं. त्याच्या जागी लांडगा आला तरी गोष्ट अडत नाही. पंचतंत्रातला कोल्हाही राजनीती शिकवण्यापुरताच कोल्हा. प्राण्याचा मुखवटा, आतून माणूस, ही आपली जुनी रीत. नागपूरच्या रोहन चक्रवर्ती यांनी २०१० मध्ये सुरू केलेली ‘ग्रीन ह्युमर’ ही चित्रमालिका मला मोलाची वाटते ती या रीतीशी तिने घेतलेल्या फारकतीमुळे. दंतवैद्यकाचं शिक्षण घेतलेले चक्रवर्ती नागझिऱ्यात आंघोळ करणाऱ्या वाघिणीच्या दर्शनाने या वाटेला लागले. वृत्तपत्रांतून नाव झालेली ही मालिका २०१३ मध्ये ‘युनिव्हर्सल यूक्लिक’ या अमेरिकी वितरणसंस्थेकडे गेली, आणि २०२१ मध्ये पेंग्विनने ‘ग्रीन ह्युमर फॉर अ ग्रेइंग प्लॅनेट’ हा संग्रह काढला.

या चित्रांतले प्राणी बोलतात, पण बोलण्यासाठी आपलं प्राणीपण सोडत नाहीत. कमळपक्ष्यांत अंडी उबवायची ती नराने, आणि मादी निघते दुसऱ्या जोडीदाराच्या शोधात. अशा ठिकाणी निसर्गाने विनोद अर्धा रचूनच ठेवलेला असतो. भारतीय पक्ष्यांचे असे व्यवहार मांडणारं ‘बर्ड बिझनेस’ हे पुस्तक त्याच मातीतलं, आणि ‘नॅचरलिस्ट रडी’मधला गुप्तहेर मुंगूस तर निसर्गातल्या घटनांचाच छडा लावत हिंडतो. रेषा ठसठशीत, रंग भडक, डोळे वाटोळे; तरीही जाणकाराला प्रजाती ओळखता येते. अमेरिकेत गॅरी लार्सनच्या ‘द फार साइड’ने जीवशास्त्रज्ञांना इतकं जिंकलं की घुबडाच्या अंगावरच्या एका उवेला १९८९ मध्ये त्याचं नाव मिळालं. पण लार्सनची गाय बहुतेकदा माणसाच्या दिवाणखान्यातली असते. चक्रवर्तींचा प्राणी आपल्या अधिवासात उभा राहून बोलतो, आणि तो अधिवास रोज थोडा थोडा कमी होत असतो.

यावर पहिला आक्षेप असा की ही चित्रं प्रचारकी होतात. तो अर्धा खरा आहे. सरकारी निर्णयावर तातडीने टिप्पणी करायची असते तेव्हा फुगे मजकुराने ओथंबतात, आणि प्राणी निव्वळ प्रवक्ता उरतो. त्याच्या तोंडचं वाक्य एखाद्या कार्यकर्त्याच्या तोंडी घातलं तरी फरक पडू नये, असं होतं. म्हणजे पंचतंत्राची रीत मागच्या दाराने परत येते. पण हा दोष विषयाचा नाही. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खालून प्राण्यांसाठी मार्ग काढले गेले आणि वाघ खरोखरच त्यांतून ये-जा करू लागले. त्या पुलाखालून जाणाऱ्या वाघाला रस्ता कसा वाटत असेल, वास कसला येत असेल, डोक्यावरचा गडगडाट काय सांगत असेल, इथून सुरुवात केली तर राजकारण आपोआप चित्रात येतं. घोषणेची गरज उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात मोहफुलं नि तेंदूपत्ता वेचायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात. वाघाला वाचा दिलीत, त्या वेचणाऱ्या बाईला कोण देणार? व्यंगचित्राने दोन्ही पारडी तोलून धरावीत असा नियम नाही, हे मान्य. तरी विदर्भापुरतं हे उत्तर मला पुरत नाही, कारण इथे वाघ आणि बाई एकाच पायवाटेवरचे आहेत. ‘ग्रीन ह्युमर’ मुख्यतः इंग्रजीत आहे. तिचा वाचक वाघ पाहायला जिप्सीतून येतो, वाघाशेजारी राहत नाही. नागझिऱ्याच्या वाघाने बोलायचं तर आजूबाजूची झाडीबोली त्याच्या कानावर पडलेली असणार! शब्दांची वानवाही नाही: मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांकडून ऐकलेली पाखरांची, झाडांची नावं मराठीत आणून ठेवली आहेत. मराठी दैनिकाचा वाचक चित्रमालिकेला दाद देत नाही, असंही म्हणवत नाही; १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये आलेला ‘चिंटू’ वर्षानुवर्षं घराघरांत वाचला गेला. पण त्या तोडीची ओळख मिळवलेली प्राण्यांची मालिका मराठीत झाली नाही. वाघाची बातमी विदर्भातल्या दैनिकांना नवी नाही. त्या बातमीशेजारी तीन चौकटींची जागा, आणि ती भरणाऱ्या चित्रकाराला जगता येईल एवढं मानधन, हा निर्णय नागपुरातल्या संपादकांच्या हातातला आहे.