जनगणनेतील अपत्यविषयक प्रश्न आणि ब्रास यांचे गुणोत्तर : एक चिकित्सा

भारतीय जनगणनेत १९८१ पासून विवाह झालेल्या प्रत्येक स्त्रीला (मग ती विधवा वा परित्यक्ता असो) एकूण जन्मलेली आणि हयात अपत्ये किती, हे विचारले जाते. ज्यांचा संसार चालू आहे त्यांना गेल्या वर्षभरात मूल झाले काय, हेही विचारले जाते. दोन्ही उत्तरे सदोष असतात. प्रौढ स्त्रियांच्या मोजणीतून दगावलेली वा घर सोडून गेलेली अपत्ये सुटतात. तर 'वर्षभर' ही मुदत प्रगणक आणि उत्तर देणारी स्त्री यांच्या मनात एकच असेल याची शाश्वती नसते.

या सदोष उत्तरांतून जननदर काढण्याची युक्ती विल्यम ब्रास यांनी आफ्रिकेतील आकडेवारीच्या संदर्भात १९६० च्या दशकात मांडली. वर्षभरातील जन्मांवरून वयोविशिष्ट दरांचा केवळ आकार घ्यावयाचा आणि त्याची पातळी तरुण स्त्रियांच्या सरासरी अपत्यसंख्येवरून ठरवावयाची. सरासरी अपत्यसंख्येला चालू दरांच्या बेरजेने भागले असता येणाऱ्या गुणोत्तराने सर्व दर गुणले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८३ च्या 'मॅन्युअल टेन'मध्ये ही पद्धत सविस्तर दिली आहे. तिची कल्पकता वादातीत आहे. प्रश्न तिच्या गृहीतकाचा आहे.

जननपातळी दीर्घकाळ स्थिर राहिली, हे ते गृहीतक. महाराष्ट्रात ते टिकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्याचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये सुमारे २.९ होता, तो २०१९-२१ मध्ये १.७ वर आला. घसरणीच्या काळात अपत्यसंख्या भूतकाळ सांगते, चालू दर वर्तमान सांगतात. त्यामुळे एकही जन्म सुटलेला नसला तरी गुणोत्तर एकापेक्षा अधिक येते. वीस ते चोवीस वयोगट निवडल्यास हा दोष नगण्य ठरतो, असे समर्थन केले जाते. परंतु या वयोगटातील अठराव्या वर्षापूर्वी विवाह झालेल्या स्त्रियांचे प्रमाण राज्यात २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये सुमारे २२ टक्के झाले. म्हणजे बदल नेमका याच वयात घडत आहे.

परिणाम किरकोळ नाही. समजा, एखाद्या जिल्ह्यात या वयोगटाची सरासरी अपत्यसंख्या ०.९० आणि दरांची बेरीज ०.७५ आहे. गुणोत्तर १.२ येते व नोंदलेला १.९ हा जननदर 'दुरुस्त' होऊन २.२८ होतो. २.१ या प्रतिस्थापन पातळीच्या खाली असलेला जिल्हा कागदावर वर जातो आणि तेथील स्त्रियांनी घेतलेला निर्णय नोंदणीची चूक म्हणून वजा होतो. ज्या राज्यात २००५ च्या नियमांनी शासकीय नोकरीला दोन अपत्यांची अट जोडली, तेथे अशी चूक निरुपद्रवी मानता येत नाही. किंबहुना, अशा अटीमुळे कोणी तिसरे मूल लपवीत असेल, तर ती लपवणूक प्रामुख्याने पंचविशीनंतरच्या स्त्रियांच्या उत्तरांत असणार. मग चूक सर्व वयांत सारखी असते, हा ब्रास यांचा दुसरा आधारही डळमळतो.

गिल्मोटो आणि इरुदया राजन यांनी २००१ च्या जनगणनेतील शून्य ते सहा वयाच्या मुलांवरून जिल्हानिहाय अंदाज काढले. त्यात अपत्यविषयक प्रश्नांची गरज नाही. मात्र तान्ही मुले मोजणीत सुटली तर दर आपोआप उतरतो.

अधिक विश्वसनीय वाट दोन जनगणनांच्या तुलनेची आहे. २००१ मधील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रिया २०११ मध्ये तीस ते चौतीस वयोगटात येतात. त्यांच्या सरासरी अपत्यसंख्येतील वाढ म्हणजे त्या दशकातील जन्म. येथे स्थिरतेचे गृहीतक लागत नाही. पण २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढची २०२७ साठी अधिसूचित झाली. अंतर सोळा वर्षांचे झाल्याने २०११ मधील तोच गट तेव्हा छत्तीस ते चाळीस वयाचा असेल. पाच वर्षांचे प्रचलित वयोगट त्याला जुळत नाहीत. एकेक वर्षाची कोष्टके घ्यावी, तर वय सांगताना पस्तीस आणि चाळीस या आकड्यांभोवती होणारी गर्दी आड येते. चाळिशीची ती गर्दी या गटाच्या अगदी काठावर पडते.