पहिला वर्ग, दुसरा वर्ग

दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी मद्याचा विषय निघालेला पाहून वडीलधारी मंडळी नाक मुरडतील. त्यांना एवढेच सांगतो, की मी हे मद्य चाखलेले नाही आणि कोणाला पाजायलाही निघालेलो नाही. माझे भांडण आहे ते एका यादीशी. आणि मुलांचे नंबर लावण्यात हयात चाललेल्या मास्तराला तेवढा अधिकार असावा.

1855 साली, तिसऱ्या नेपोलियनच्या अमदानीत, पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी बोर्दो शहराच्या व्यापारी मंडळाने आपल्या भागातील मद्यांची प्रतवारी दलालांकडे मागितली. दलालांनी दोन आठवड्यांत तांबड्या मद्याचे पाच वर्ग पाडून दिले. चव घ्यायला कोणी बसले नाही. आजवर कोणाचा माल काय भावाने गेला, एवढेच पाहिले. पहिल्या वर्गात चार नावे आली : लाफीत, मार्गो, ओ-ब्रियों आणि लातूर. (हे लातूर आपले नव्हे!)

भाव ही कसोटी मी हसण्यावारी नेत नाही. कित्येक पिढ्यांच्या रसिकांनी पदरचे पैसे मोजून दिलेला तो कौल होता. आणि मालही तसाच होता. जिरोंद नदीच्या मुखाजवळ, मेदोक नावाच्या पट्ट्यात, जमीन कसली, नुसती वाळू-गोटे! गहू पेराल तर फसाल. पण पाणी साचत नाही, म्हणून वेल मुळे खोल नेतो आणि थोडीच पण कसदार फळे धरतो. तेथला मुख्य वेल काबेर्ने सोव्हिन्यों. त्याचे द्राक्ष बारीक, काळे, जाड सालीचे. हा वेल तांबड्या काबेर्ने फ्रां आणि पांढऱ्या सोव्हिन्यों ब्लां यांच्या संकरातून झाला, हे 1997 साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. सालीमुळे कोवळे मद्य आवळ्यासारखे तुरट लागते म्हणतात. ओकच्या पिंपात आणि मग बाटलीत वर्षानुवर्षे मुरले, की तो तुरटपणा निवतो. आपल्या घरच्या लोणच्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणजे गुण मातीचा. मग वर्ग मातीला हवा की नाही? येथेच यादी फसली आहे. वर्ग मिळाला तो गढीच्या, म्हणजे ‘शातो’च्या नावाला. धन्याने नंतर शेजारचा तुकडा विकत घेतला, तरी त्या तुकड्याचे द्राक्ष जुन्या वर्गात जाऊन बसते. बापाच्या नंबरावर मुलाला पास करण्यासारखेच हे!

आणि यादी गोठली ती गोठलीच. मुटॉन रोथशील्ड ही गढी दुसऱ्या वर्गात अगदी वरच्या जागी होती. 1922 साली फिलिप रोथशील्ड यांनी कारभार हाती घेतला. व्यापाऱ्यांकडे पिंपे धाडण्याऐवजी सगळा माल गढीतच बाटलीबंद करण्याचा पायंडा त्यांनी 1924 साली पाडला. वरचा वर्ग मिळावा म्हणून ते वर्षानुवर्षे झगडले. तो मिळाला 1973 साली, शेतीमंत्री जाक शिराक यांच्या सहीने. पहिल्या वर्गात वर चढण्याचे हे एकच उदाहरण. नदीपलीकडचे पोमेरोल तर यादीत नाहीच. तेथील पेत्र्यूस या मद्याला आजही वर्ग नाही. भाव मात्र पुष्कळदा पहिल्या वर्गाहून चढा!

पोमेरोलच्या शेजारच्या सेंत-एमिलियों गावाने शहाणपणा केला. 1955 साली आपली निराळी यादी केली आणि ती साधारण दहा वर्षांनी तपासायची असे ठरवले. परिणाम? खाली घसरलेले कोर्टात गेले. 2006 ची यादी रद्द झाली. पुढे शव्हाल ब्लांसारख्या अग्रगण्य गढीने 2022 च्या परीक्षेतून अंगच काढून घेतले. तरी मला विचाराल, तर मी सेंत-एमिलियोंच्या बाजूचा. तेथे निदान दर खेपेस कोणीतरी पेला तोंडाला लावून पाहतो.