डायरीला शेवट माहीत नसतो

३ जानेवारी २००९. पाकिस्तानच्या स्वात खोऱ्यातली एक शाळा. वर्गात मुली २७, हजर ११. तालिबानने १५ जानेवारीपासून मुलींच्या शाळा बंद करायचा हुकूम काढलेला आहे. त्या दिवशी सातवीतली एक मुलगी घरी परतताना मागून येणाऱ्या माणसाच्या तोंडून मारून टाकायची धमकी ऐकते. ती पावलं उचलते, थोड्या वेळाने मागे बघते. तो फोनवर भलत्याच कुणाला तरी दम देत असतो.

बीबीसी उर्दूने 'गुल मकई' या टोपणनावाने छापलेल्या डायरीतली ही अगदी सुरुवातीची नोंद. लिहिणारी अकरा वर्षांची मलाला युसूफझाई होती, हे आज सगळ्या जगाला माहीत आहे. पुढचंही माहीत आहे: ९ ऑक्टोबर २०१२ चा गोळीबार, २०१४ चं नोबेल. त्यामुळे ही डायरी आपण जवळजवळ नेहमीच चुकीच्या टोकाकडून वाचतो. फोनवरच्या त्या माणसाचा प्रसंग आपल्याला अपशकुन वाटतो. नोंद लिहिणाऱ्या मुलीसाठी मात्र तो सुटकेचा निःश्वास होता. माझ्या मते आधुनिक जगाचा इतिहास शिकवायला अशा विद्यार्थी-डायऱ्या फार कामाच्या आहेत, पण त्यांना शेवट माहीत नाही ही गोष्ट वर्गात सांभाळली तरच.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे सर्व्हर कोसळला की दोन गोष्टी हातात येतात. एक लॉग: त्या त्या सेकंदाला काय झालं त्याची नोंद, पुढे काय होणार याचा पत्ता नसलेली. दुसरा आरसीए रिपोर्ट: सगळं शांत झाल्यावर लिहिलेला, कारणांची साखळी नीट जुळवलेला. शाळेतला आपला इतिहास म्हणजे निव्वळ आरसीए. 'पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा', पाच गुण. त्या पाच मुद्द्यांत कुणीही गोंधळलेलं नसतं, कुणाचा अंदाज चुकत नाही. दहावीनंतर माझा इतिहास सुटला, इंजिनिअरिंगला तर त्याचं नावही नव्हतं. जगात जे घडलं ते घडणारच होतं, असा समज तेवढा सोबत राहिला. आजच्या बातम्या वाचताना हा समज घातक ठरतो, कारण आज आपण सगळेच लॉगमध्ये आहोत.

गुल मकईची ताकद नेमकी इथे आहे. तिची भाषा साधी, कधीकधी सपाट आहे. पण नोंदी कशाच्या आहेत ते बघा. गणवेश नको, साधे कपडे घालून या, असं शाळा सांगते म्हणून ती आवडता गुलाबी ड्रेस घालून जाते. मग प्रार्थनेच्या वेळी सांगतात, रंगीत कपडेही नकोत, तालिबानला खटकेल. १४ जानेवारीला सुट्टी जाहीर होते, पण शाळा पुन्हा कधी उघडेल ते मुख्याध्यापिका सांगत नाहीत. एरवी सांगतात. हुकूमशाहीची व्याख्या कितीही पाठ केली तरी 'तारीख सांगितली नाही' यातली भीती तिच्यात सापडत नाही.

लॉगची मर्यादाही याच डायरीत दिसते. फेब्रुवारी २००९ मध्ये स्वातबाबत समझोता झाला, मुली पुन्हा शाळेत जाऊ लागल्या, आणि मार्चमध्ये डायरी थांबली. एवढंच वाचणाऱ्याला वाटेल की निवळलं सगळं. मे महिन्यात लष्कराची मोठी कारवाई झाली, लाखो लोकांना घरं सोडावी लागली, त्यात तिचं कुटुंबही होतं. समझोता का टिकला नाही, खोऱ्यात तालिबान इतका का फोफावला, याची उत्तरं अकरा वर्षांच्या मुलीकडे मागणं अन्याय आहे. त्यासाठी नकाशा लागतो, पाठ्यपुस्तक लागतं, आणि २०१३ चं तिचं स्वतःचं आत्मचरित्रही लागतं. ते पुस्तक आरसीए आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.

हा प्रयोग एका वर्गात गाजावाजा होऊन झालेला आहे. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या वुड्रो विल्सन हायस्कूलमध्ये १९९४ साली एरिन ग्रुवेल ही नवखी इंग्रजीची शिक्षिका आली. एका कृष्णवर्णीय मुलाचं हिणवणारं चित्र वर्गात फिरताना तिने पकडलं, नाझींनी ज्यूंची अशीच चित्रं काढली होती असं सांगितलं, आणि होलोकॉस्ट हा शब्दच बहुतेकांना ठाऊक नाही हे तिच्या लक्षात आलं. मग तिने अ‍ॅन फ्रँकची आणि सारायेव्होच्या झ्लाटा फिलिपोविचची डायरी वाचायला दिली. मुलं स्वतःही लिहू लागली. १५० मुलांच्या लेखनाचं 'द फ्रीडम रायटर्स डायरी' हे पुस्तक १९९९ मध्ये आलं, २००७ मध्ये सिनेमा.

पुस्तक अस्वस्थ करतं. गँगच्या गोळीबारात मित्र गमावलेली मुलं झ्लाटाच्या तळघरात स्वतःला ओळखतात, तिला पत्रं लिहितात, १९९६ मध्ये ती त्यांना भेटायलाही येते. माझी तक्रार इथूनच सुरू होते. सारायेव्हो त्यांच्यासाठी आरसा झाला. आरशात आपण दिसतो, बोस्निया दिसत नाही. टेकड्यांवरून तोफा डागणारे कोण होते, युगोस्लाव्हिया कशाने फुटला, १९९२ ते १९९६ असा वेढा पडलेला असताना जग काय करत होतं, यावर पुस्तक फारसं थांबत नाही. सहवेदना जागी झाली ही मोठीच गोष्ट आहे. पण 'तुझं दुःख माझ्यासारखंच' या वाक्यापाशी इतिहासाचा तास संपला, तर तो अर्ध्यातच संपला.

डायरी म्हणजे निर्भेळ सत्य, हाही समज वर्गातच मोडायला हवा. युद्धकाळातल्या डायऱ्या-पत्रं जपून ठेवा, असं आवाहन २८ मार्च १९४४ ला लंडनहून डच रेडिओवर झालं. ते ऐकल्यावर अ‍ॅनने आपली डायरी प्रकाशनासाठी स्वतः नव्याने लिहायला घेतली. झ्लाटाची डायरी तर वेढा चालू असतानाच, १९९३ मध्ये छापली गेली. गुल मकईमागे एक वार्ताहर होता, बीबीसीचे वाचक होते. त्याने या नोंदी खोट्या ठरत नाहीत. पण कुणासाठी लिहिलं, कुणी बाहेर काढलं, काय वगळलं, हे विचारायला शिकलेलं मूल उद्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डलाही तेच विचारेल.

पुढची पायरी जास्त नाजूक आहे. इतरांच्या डायऱ्या वाचून झाल्यावर शिक्षक साहजिकच म्हणतात, आता चालू घडामोडींवर तुम्ही लिहा, सगळ्यांना वाचायला टाका. गुल मकई हे टोपणनाव त्याच वर्षात गळून पडलं होतं. आपल्याकडे नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर पोस्ट लिहिली होती, दुसरीने ती लाइक केली होती. त्या अटकेनंतर श्रेया सिंघल हिने याचिका केली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ रद्द केलं. स्वात आणि पालघर एका तराजूत घालायचे नाहीत. पण 'जे दिसतं ते लिही' हा निबंधासारखा निरुपद्रवी गृहपाठ नाही, एवढं शिक्षकाने धरून चालावं. वहीत लिहू द्यावं, वर तारीख घालायला लावावी. छापायचं की नाही ते मुलांनी ठरवावं, तेही नंतर कधीतरी.

उद्या कुणी मला शाळेत एक तास दिला, तर मी १४ जानेवारी २००९ ची नोंद वाचून दाखवेन. लिहिणारीचं नाव सांगणार नाही. उद्या काय होईल असं विचारेन, प्रत्येकाचा अंदाज कारणासकट वहीत उतरवायला सांगेन. मग फेब्रुवारी सांगेन, मग मे. आणि शेवटची दहा मिनिटं ज्यांचे अंदाज चुकले त्यांच्यासाठी ठेवेन: तेव्हा हाती असलेल्या माहितीवर तुमचं कारण बरोबर होतं का?